डिकीतला जीव

२०२४ च्या मार्चमधली ती बातमी आठवतेय? बेंगळुरूहून म्हैसूरला निघालेल्या एका आजीला आणि तिच्या नातीला कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळालं, कारण तिकडं महिलांना प्रवास मोफत. पण त्यांच्याजवळच्या पिंजऱ्यात चार लव्हबर्ड होते. कंडक्टरनं त्या चौघांना लहान मुलं धरलं आणि प्रत्येकी १११ रुपयांचं तिकीट फाडलं. एकूण ४४४ रुपये. तिकिटाचा फोटो आपल्याकडंही ग्रुपग्रुपवर फिरला. माणसं फुकट आणि पाखरांना तिकीट! राजारामपुरीतल्या आमच्या रूमवर तर दिवसभर त्यावरच दंगा चालू होता.

आता तो फोटो दिसला की हसू येत नाही, हेवा वाटतो. ४४४ रुपये गेले, पण पाखरं माणसांच्या शेजारी बसून म्हैसूरला पोचली. त्यांना प्रवास करायचा हक्क आहे, असं एका कागदावर छापून मिळालं होतं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात माझी रूममेट पुण्याला नोकरीला निघाली. तिचा एक ससा होता, गोटू. पांढरा, दीडेक किलोचा, कोथिंबिरीच्या काड्यांवर जीव टाकणारा. रात्रीच्या गाड्या फुल्ल, म्हणून दुपारच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग केलं. सामान पोचवायला मीही सोबत होते. गाडीत चढताना क्लीनरनं पिंजरा बघितला आणि म्हणाला, "प्राणी वर चालत नाय मॅडम. डिकीत ठेवा, काय होत नाय." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हणाले, "जाऊ दे गं, पाचच तासांचा तर प्रश्न आहे."

रस्त्याच्या रुंदीकरणामुळं कराडच्या अलीकडं गाडी तासभर अडकली. साताऱ्याजवळ धाब्यावर थांबल्यावर आम्ही डिकी उघडायला सांगितली. सामान वरपर्यंत भरलंय, आता पुण्यातच उघडणार, असं उत्तर मिळालं. कात्रजला डिकीचं झाकण वर गेलं तेव्हा आतून आधी गरम हवेचा झोत आला. मग दोन बॅगांच्या मागं पिंजरा. गोटू आडवा पडला होता आणि त्याच्या तोंडाखालचा टॉवेल ओला झाला होता.

त्या क्लीनरवर मी खूप चिडले, ओरडलेसुद्धा. पण त्याला जे सांगितलं गेलं होतं तेच तो करत होता. 'पाचच तास' हे वाक्य माझं होतं.

नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून जे कळलं ते कुठल्याही सशाच्या मालकाला आधीच माहीत असायला हवं. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार? कुत्रं निदान जीभ बाहेर काढून धापा टाकतं, सशाला तेही धड जमत नाही. आणि ट्रॅव्हल्सची डिकी म्हणजे काय, तर पत्र्याचं बंद खोकं. खालून डांबराची धग, आजूबाजूला इंजिनाची, खिडकी नाही, वारा नाही. त्यात अंधार, आवाज आणि वळणावर अंगावर सरकणाऱ्या बॅगा. त्यात बॅग ठेवतात, कारण बॅग श्वास घेत नाही.

तरीही मे-जून आला की असे पिंजरे डिकीत जातच राहतात. परीक्षा संपतात, रूम सोडायच्या असतात. कुणी इचलकरंजीला जातं, कुणी नांदेडला, कुणी पुण्या-मुंबईला नोकरीसाठी. दुसऱ्या वर्षात हौसेनं आणलेली मांजरं, हॅमस्टर, लव्हबर्ड, फिशटँक सगळं तेव्हा हलवायचं असतं. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचं ठीक चालतं. ज्यांच्याकडं नाही त्यांना दोनच रस्ते उरतात. प्राण्याला बॅगेत लपवून न्यायचं, नाहीतर डिकीत टाकायचं. पहिल्यात पकडलं जाण्याची भीती असते, म्हणून चेन पूर्ण लावली जाते. म्हणजे तिथंही पुन्हा हवेचाच प्रश्न.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली १९७८ साली केलेले प्राणी वाहतुकीचे नियम आहेत. हे नियम वाचताना मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण लिहिणाऱ्यानं कधीतरी स्वतः मांजर घेऊन प्रवास केला असावा इतके ते समजूतदार आहेत. कुत्रा-मांजर प्रवासाला योग्य आहे असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. निघण्याआधी किमान दोन तास त्याला खाणंपाणी झालेलं असावं. वाटेत कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावं. मोठ्या जनावराला बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना चार-चार तासांनी खायला द्यावं. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून लांबचा असेल तर सोबत माणूस हवा आणि त्याला वाटेतल्या स्टेशनांवर प्राण्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. हे सगळं लिहिलेलं आहे, तेही आपल्या आईबाबांच्या शाळेच्या दिवसांत.

आणि शिक्षा? प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीनं गाडीतून नेणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आपल्याकडं मिसळसुद्धा मिळायची मारामार. एके काळी ती रक्कम मोठी असेल, पण आज नाही.

आता रेल्वे. कुत्रा न्यायचा असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी. नाहीतर त्याला लगेज व्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये बसवायचं. थ्री टिअर एसीत किंवा स्लीपरमध्ये शेजारी घेऊन बसलात आणि सापडलात तर त्याची रवानगी ब्रेक व्हॅनमध्ये आणि तुमच्या खिशाला जादा भुर्दंड. आता मला सांगा, आपल्यातले कितीजण फर्स्ट एसीनं गावी जातात? शिवाय प्रत्येक गाडीला तो डबा असतोच असंही नाही. लहान प्राण्यासाठी पार्सल ऑफिसात आधी जाऊन विचारावं लागतं, वजनाप्रमाणं पैसे भरून पावती घ्यावी लागते. तेही ऐनवेळी नाही, गाडीच्या दोन-तीन तास आधी. आणि डॉग बॉक्समध्ये ठेवलं तर गाडी थांबेल तेव्हाच धावत जाऊन बघायचं. स्टेशनवर दोन मिनिटांचा थांबा असेल तर तुम्ही मागच्या डब्यापर्यंत पोचेपर्यंत शिट्टी झालेली असते.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस घ्या. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त धावते, दिवस-रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. विदर्भातून इकडं शिकायला आलेली कितीतरी पोरं या गाडीनं घरी जातात. त्यांच्यापैकी कुणाजवळ मांजर असेल तर एका दिवसाहून जास्त वेळ ते मांजर कुठं असणार, हा प्रश्न मला आता फार महत्त्वाचा वाटतो.

बसचं तर विचारूच नका. पिंजरा बघून काय उत्तर मिळेल ते समोरच्या माणसाच्या मूडवर. कुणी म्हणतं, मागच्या सीटवर बसा आणि गप ठेवा. कुणी म्हणतं, खाली उतरा. हीच अडचण आहे. ठाम 'नाही' असेल तर निदान आधीच दुसरी सोय बघता येते.

या बाबतीत कोल्हापूरचा इतिहास मात्र वेगळाच निघाला. संस्थानच्या काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे हे तुम्ही ऐकलं असेल. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले, म्हणजे समुद्र ओलांडून. आणि शिकारीला नेताना चित्ता बैलगाडीवर बसलेला असायचा, डोळ्यांवर टोपी आणि शेजारी त्याला सांभाळणारा माणूस. शिकारीचं कौतुक करायचं कारण नाही, रानातून पकडून आणलेलं जनावर होतं ते. पण शेजारी माणूस आणि डोळ्यांवर झाकण या दोन गोष्टी त्या लोकांना कळल्या होत्या. आजही डॉक्टर नेमकं हेच सांगतात. पिंजऱ्यावर पातळ सुती कापड टाका, जुनी ओढणी चालेल. हवा खेळती राहिली पाहिजे, पण बाहेरची धावपळ दिसायला नको. मांजर अर्ध्या तासात शांत होतं.

पिंजऱ्याचं म्हणाल तर बाजारातल्या फॅन्सी बॅगपॅकच्या, ज्याला अंतराळवीराच्या टोपीसारखी पारदर्शक खिडकी असते, नादाला लागू नका. उन्हात त्याची भट्टी होते. कडक प्लास्टिकचं, चारही बाजूंनी जाळी असलेलं कॅरिअर घ्या. आत प्राण्याला उभं राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे. विमान कंपन्याही जगभर हेच माप धरतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते प्रवासाच्या दिवशी आणू नका. आठ-दहा दिवस आधी आणा, दार उघडं ठेवून रूमच्या कोपऱ्यात ठेवा, त्यातच खायला द्या, तुमचा न धुतलेला टी-शर्ट आत टाका. मांजर स्वतःहून आत जाऊन झोपायला लागलं की अर्धा प्रवास झाला समजा. धाब्यावर 'जरा मोकळं होऊ दे बिचाऱ्याला' म्हणून दार उघडायचं नाही. हायवेवर घाबरून पळालेलं मांजर परत मिळत नाही.

खाण्याच्या बाबतीत एक घोटाळा सगळेच करतात. उलटी होऊ नये म्हणून कुत्र्या-मांजरांना निघण्याआधी चार-पाच तास पोटभर खायला द्यायचं नाही, हे बरोबर. पण तोच नियम सशाला किंवा गिनीपिगला लावला की ते आजारी पडतात. त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. त्यांच्याजवळ पूर्ण प्रवासभर वाळलेलं गवत हवं. गाडीच्या धक्क्यांनी पाण्याची वाटी सांडते, तेव्हा काकडीचे तुकडे ठेवले तरी चालतात. आणि कृपा करून झोपेची गोळी देऊ नका, आपल्या घरातली तर अजिबात नाही. आपण डोकं दुखलं की घेतो ती पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. चपट्या नाकाचे पग आणि पर्शियन मांजर यांना मुळातच श्वासाचा त्रास असतो. त्यांना उन्हाळ्यात दुपारी हलवूच नये, असं माझं मत.

माशांचं सोपं आहे. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही म्हणजे पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवायची. आणि पोपट? आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणंच वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे. तारांकित कासवाचंही तेच. तेव्हा 'पोपटाला गावी कसं नेऊ' हा प्रश्न विचारण्याआधी वनविभागाचा नंबर शोधा.

प्राण्याला सोबत न्यायची जिद्द काय असते ते २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनी दाखवलं. आपल्याच वयाची पोरं. बॉम्ब पडत असताना बॅगा टाकून दिल्या, पण कुत्री-मांजरं सोडली नाहीत. केरळची एक वैद्यकीय विद्यार्थिनी सायबेरियन हस्कीचं पिल्लू घेऊन रोमानियाच्या सीमेकडं गेली, ते दमलं तेव्हा उचलून चालत राहिली. सरकारनंही त्या वेळी प्राण्यांसाठीच्या अटी सैल केल्या. गंमत पुढं आहे. युद्धातून सुखरूप दिल्लीत उतरल्यावर केरळला जाणाऱ्या विमानात त्या कुत्रीला जागा नाकारली गेली आणि दुसरी सोय करावी लागली. युद्धातून वाट निघाली आणि आपल्याच देशात अडली.

अर्थात बदल होतोय, पण वरून. आकासा एअरनं नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये पिंजऱ्यासह सात किलोपर्यंतचं कुत्रं-मांजर न्यायला परवानगी दिली. चांगलंच झालं. पण ज्याच्या खिशात विमानाचं तिकीट आहे त्याची सोय आधी झाली आणि पाचशे रुपयांच्या सीटवर बसणाऱ्याची अजून नाही, हे काही बरोबर दिसत नाही.

मला हवंय ते फार मोठं नाही. बसमध्ये शेवटच्या दोन सीट आणि रेल्वेच्या एका साध्या डब्यात ठरावीक जागा. बंद कॅरिअर, दहा किलोच्या आतला प्राणी, लसीकरणाचं कार्ड, अर्धं तिकीट. कर्नाटकात पाखरांना तिकीट फाडता येतं, तर कागल ओलांडून इकडं आल्यावर काय अडचण आहे? आणि खासगी ट्रॅव्हल्सना एकच अट घाला. जिवंत प्राणी वर घ्यायचा नसेल तर खुशाल नाही म्हणा, पण डिकीत घ्यायचा नाही. घेतला तर दंड पन्नास रुपयांचा नको, पुन्हा हिंमत होणार नाही इतका हवा.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. शेजारच्याला मांजराच्या केसांची ॲलर्जी असेल, कुणाला कुत्र्याची भीती वाटत असेल, वास येईल. हे आक्षेप खोटे नाहीत. माझ्याच मावशीला मांजर जवळ आलं की दम लागतो. म्हणून तर ठरावीक जागा मागतेय. आज कुणीतरी बॅगेत लपवून तेच मांजर मावशीच्या सीटखाली ठेवतो आणि तिला कळतही नाही. जागा ठरलेली असेल, तिकिटावर लिहिलेलं असेल, तर तिला आधीच दुसरीकडं बसता येईल.

आणि थोडं आपल्याबद्दलही. भाड्याच्या रूमवर पिल्लू आणताना आपण त्याच्या डोळ्यांचा रील बनवतो, मे महिन्याचा विचार करत नाही. ऑनलाइन बघून दुसऱ्या शहरातून पिल्लू मागवणारेही आपल्यातच आहेत. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी डोळे धड न उघडलेली पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून रात्रभर प्रवास करून येतात. घेणारा नाही म्हणाला तर पाठवणारा थांबेल. काही वेळा प्राण्याला न नेणं हाच बरा मार्ग असतो. म्हातारं मांजर तीस तासांच्या प्रवासाला न्यायचं की दोन महिने इथल्याच मैत्रिणीकडं ठेवायचं, याचं उत्तर आपल्याला करमतं की नाही यावर ठरवायचं नसतं.

सध्या आमच्या रूमवर गोंदियाची एक ज्युनिअर राहते. तिच्याकडं बिजली नावाचं दीड वर्षाचं मांजर आहे. परीक्षा संपल्या की तिला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं घरी जायचंय. कॅरिअर आणून आठवडा झाला. पहिले तीन दिवस बिजलीनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, चौथ्या दिवशी त्याच्या वर चढून बसली, कालपासून आत झोपते. लसीचं कार्ड तयार आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळेल. उद्या सकाळी आम्ही दोघी स्टेशनवर पार्सल ऑफिसात विचारायला जाणार आहोत.